टाचेतली पेन्सिल

प्रिय ढब्बू,

पत्र बघून आधी हसशील. म्हणशील, ताई पाच स्टॉप पलीकडे राहते, दिवसातून दोनदा फोन करते, आणि आता हिला पत्राची हुक्की आली. हस बाबा, तेवढंच. पण फोनवर हे मला बोलता येत नाही. शनिवारपासून तीनदा फोन हातात घेतला, आणि तिन्ही वेळा ताप किती, पोटात काही राहिलं का, गोळी घेतलीस का एवढं विचारून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी तू वैतागून म्हणालास, "तू बहीण आहेस की चौकशीची खिडकी?" लागलं मला, पण तुझं चुकलं नाही. गेले सात महिने मी तुझ्याशी खिडकीच्या आतूनच बोलतेय.

गुरुवारी डॉक्टरांना तुझं उत्तर हवंय. दुसरं औषध जोडून आणखी चार डोस घ्यायचे, की आता हे सगळं थांबवून घरी राहायचं. दोन्हीतलं काहीही निवडलं तरी चूक नाही, असं ते म्हणाले. डॉक्टर असं म्हणायला लागले की काय समजायचं ते आपण समजतो. आणि तू काय उत्तर दिलंस? "ताईला विचारून सांगतो." मी तिथेच होते, तुझ्या शेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, तुझी फाइल मांडीवर घेऊन. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली, जसं काही उत्तर माझ्या पर्समध्ये तयारच होतं. खरं तर होतंच. तेच तर सांगायला बसलेय, आणि ताकाला जाऊन भांडं लपवतेय.

आज सोमवार. दुपारचे दोन वाजलेत. मी लॅबमधल्या मायक्रोस्कोपच्या खोलीत बसलेय. इथे दिवे बंद ठेवावे लागतात, आमचे रंग अंधारातच चमकतात. एक छोटा दिवा टेबलावर लावलाय, त्याच्या उजेडात लिहितेय. बाकीचे सगळे जेवायला गेलेत. आमच्या प्रमुख, मोठ्या बाई, मघाशी दार ढकलून "तू नाही येणार?" म्हणाल्या, मी म्हटलं भूक नाही. माझ्यासारख्या खादाड बाईने भूक नाही म्हटलं की त्यांना काळजी वाटते. टेबलावर सफरचंद ठेवून गेल्या. इतकी माणुसकी दाखवायचं त्यांना काही कारण नाही, मी त्यांचाही एक नियम मोडलाय. पण ते पुढे.

तुला आठवतं, तुझ्या लेकीच्या, ठकूच्या सहाव्या वाढदिवसाला तू विचारलं होतंस, "ताई, तू तिथे दिवसभर करतेस तरी काय?" फुगे फुगवता फुगवता मी सांगितलं होतं. रक्तवाहिनीला आतून एक पातळ अस्तर असतं, एकाच पेशीच्या जाडीचं. एरवी या अस्तराच्या पेशी शांत असतात, बेताने खातात, आपलं काम करतात. शेजारी कॅन्सरची गाठ वाढली की ती यांना सारखी ढोसत राहते, वाढा, नव्या फांद्या काढा. मग या साखरेवर तुटून पडतात, वखवखल्यासारख्या, आणि त्या नादात स्वतःचं काम विसरतात. त्यांचं एक काम म्हणजे अंगावर बारीक आकडे उभे ठेवणं. रक्तातून फिरणाऱ्या लढाऊ पेशी ते आकडे धरून थांबतात आणि भिंतीतून सरकून गाठीत उतरतात. आकडे गेले की लढाऊ पेशी समोरून वाहत जातात आणि गाठ मजेत वाढत राहते. मी या अस्तराला रंग देते, लढाऊ पेशींना दुसरा रंग देते, आणि किती आत उतरल्या ते मोजते. बस्स, एवढीच माझी विद्या. तू फुग्याची गाठ मारत म्हणालास, "म्हणजे बस भरलीय, सगळ्यांना उतरायचंय, पण कुणीतरी स्टॉपच काढून टाकलाय. माझ्या रूटवर असं केलं असतं तर लोकांनी मला बडवला असता." वीस वर्षं बस चालवणाऱ्या माणसाने दोन मिनिटांत समजून घेतलं. मोठ्या बाईंना दुसऱ्या दिवशी सांगितलं तर त्यांनी ते फळ्यावर लिहिलं. अजून पुसलेलं नाही. रोज येता-जाता मला ते दिसतं.

तेव्हा तू धडधाकट होतास. म्हणजे आपल्याला तसं वाटत होतं.

आता पेन्सिलीचं. तू पाच वर्षांचा, मी नऊची. आईने दोघांना पलंगावरून खाली सतरंजीवर उड्या मारायची सक्त मनाई केली होती, आणि म्हणूनच आपण मारत होतो. मला तुझा राग आला होता, कारण तू माझ्या चित्रावर पाणी सांडलं होतंस. मी नवी पेन्सिल सुईसारखी टोकदार केली आणि सतरंजीच्या घडीत उभी खोचली, बरोबर तू उडी मारायचास तिथे. ती चुकून पडली होती, असं मी आईला सांगितलं. तुलाही तसंच सांगितलं, आणि तू छत्तीस वर्षं ते खरं मानत आलास. नाही रे. मी ती खोचली होती. तू सगळा भार टाकून उतरलास, उजव्या टाचेवर. टोक आत मोडलं. तू किंचाळलास, आणि वर आईची चापटही तूच खाल्लीस, पलंगावरून उडी मारली म्हणून. मी दाराआड उभी होते, मूग गिळून. जखम भरली, पण टाचेत काळा ठिपका राहिला. मग तो आपल्या घरातला विनोद झाला. आई म्हणायची, "हा हरवला तर ओळखायची खूण देवाने नाही, ताईने दिलीय." तू शाळेत मुलांना पाच पैशांत ठिपका दाखवायचास, लबाड कुठला.

म्हणूनच दोन वर्षांपूर्वी जे झालं ते फक्त आपल्याच घरात होऊ शकलं असतं. तू माझ्याकडे आला होतास, बूट काढून सोफ्यावर पाय पसरलेस आणि म्हणालास, "ताई, तुझी पेन्सिल पसरायला लागलीय बघ." मी पाहिलं. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं, ढब्बू. ठिपक्याच्या शेजारी एक तपकिरी काळा डाग होता, नखाएवढा, कडा वेड्यावाकड्या. लॅबमध्ये असा फोटो कुणी समोर धरला असता तर मी तिथल्या तिथे ओरडले असते, आज डॉक्टरकडे जा, आत्ता जा. आणि सोफ्यावर तुझ्या टाचेकडे बघून मी काय म्हणाले? "शिसं झिरपत असेल, पाय धूत जा." आणि हसले. तूही हसलास. मग आपण चहा प्यालो. पुढचे अकरा महिने तू त्या टाचेने ॲक्सिलरेटर दाबत गाडी चालवलीस आणि डाग चिघळून मोज्याला रक्त लागलं तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलास. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तो अंधार म्हणजे मी. पेन्सिलीने कॅन्सर होत नाही, हे डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं, माझं मलाही ठाऊक आहे. पण पेन्सिल नसती तर तो डाग कुणीतरी डाग म्हणून पाहिला असता. हे डॉक्टरांना मी विचारलंही नाही.

ऑपरेशन झालं, टाचेचा तो भाग कापून काढला, जांघेतली गाठही काढली, आणि मग छातीच्या फोटोत फुप्फुसांपर्यंत पसरलेले दाणे दिसले. डॉक्टर म्हणाले, आता नवं औषध सुरू करू, हे गाठीला मारत नाही, शरीराच्या लढाऊ पेशींवर जो ब्रेक असतो तो सोडतं. ब्रेक म्हटल्यावर तू खूश झालास. "माझ्या ओळखीची भाषा बोलतायत," म्हणालास. काही जण याने अगदी ठणठणीत बरे होतात, हेही खरं आहे. पहिला डोस तीन आठवड्यांनी होता.

त्या तीन आठवड्यांतली गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. हॉस्पिटलातून आमच्याकडे गाठींचे नमुने येतात. नाव नसतं, फक्त नंबर, आणि कुठल्या भागातली गाठ ते. त्या महिन्यात सहा आले. एकावर लिहिलं होतं, उजवी टाच. मी स्वतःला म्हटलं, उजव्या टाचा जगात खूप आहेत. रंग दिले, स्लाइड लावली, साध्या उजेडात एकदा बघून घेऊ म्हणून भिंग फिरवलं. कातडीच्या खालच्या थरात, गाठीच्या कडेला, काळे कण होते. गाठीचा रंग तपकिरी असतो, हे काळेकुट्ट, धारदार कडांचे, कुठल्याही पेशीचे नसलेले. आमच्याकडे नवीन आलेली मुलगी म्हणाली असती, घाण पडलीय, पुसून टाका. मी पुसले नाहीत. छत्तीस वर्षांपूर्वी सतरंजीत खोचलेलं ते टोक मी भिंगातून बघत होते.

नियम असा आहे की नमुना कुणाचा ते कळलं तर तो ताबडतोब दुसऱ्याच्या हाती द्यायचा. मी नाही दिला. दार लावून घेतलं, दिवे मालवले आणि मोजायला बसले. अस्तर हिरवं चमकत होतं, भरपूर, वेडंवाकडं, हावरट. आकड्यांचा रंग जवळजवळ नव्हताच. लढाऊ पेशी वाहिन्यांच्या आत होत्या, कडेला थोड्या होत्या. गाठीत उतरलेल्या चार. इतर बऱ्याच नमुन्यांत दोनशे, तीनशे असतात. मी परत मोजल्या. चार. तिसऱ्यांदा मोजताना मी मोठ्याने मोजत होते, लहान मुलाला शिकवतात तशी, एक, दोन, तीन, चार, आणि पुढचा आकडा तोंडात तयार ठेवून भिंग फिरवत होते. पाचवी मिळालीच नाही.

पुढच्या रविवारी तू घरी आलास आणि औषधाबद्दल बोलता बोलता सहज म्हणालास, "पण ताई, ब्रेक सोडून काय उपयोग, तुझ्या त्या गोष्टीतल्यासारखा स्टॉपच नसेल तर?" माझ्या हातातून कप पडला. तू म्हणालास, "वेंधळीच आहेस," आणि स्वतः वाकून काचा गोळा केल्यास, तसल्या दुखऱ्या पायावर. मी म्हणाले, असं काही नसतं, तुझं चांगलं होणार, मी रोज बघते ना, मला माहितीय. मी रोज बघते, मला माहितीय. हे वाक्य माझ्या कानातून जात नाही. कारण ते खोटंही नव्हतं.

मी स्वतःची समजूत घातली, आणि ती समजूत तेव्हा अगदीच पोकळ नव्हती. एका स्लाइडवरून कुणाचं भविष्य ठरत नाही. आमच्या यादीत अशा स्लाइडवाले एकेचाळीस जण होते, त्यातल्या दोघांना औषध लागू पडलं होतं. तो तिसरा तू असशील, असं मी धरून चालले. औषध घ्यायला नको होतं असं मी आजही म्हणत नाही. पण ती मोजणी तुझी होती, आणि मी ती दाबून ठेवली. पहिल्या डोसच्या आधी तू म्हणाला होतास, "दोन महिने थांबलं तर चालेल का गं? अंगात जोर आहे तोवर ठकूला सायकल शिकवतो. मागून पळायला बाप लागतो." तुला एकेचाळीसातले दोन हा आकडा ठाऊक असता, तर तू डॉक्टरांशी भांडून ते दोन महिने घेतले असतेस, मी ओळखते तुला. मी म्हणाले, "वेडा का खुळा? आधी बरा हो, मग काय ती सायकल शिकव." ती निळी सायकल अजून तुझ्या जिन्याखाली उभी आहे. बाजूची दोन छोटी चाकं अजून लावलेलीच आहेत, आणि ठकूचे गुडघे आता हँडलला लागायला लागलेत.

त्यानंतरचं तुला मी काय सांगू, तूच भोगलंस. लढाऊ पेशींचा ब्रेक सुटला आणि त्या गाठीत शिरायचं सोडून तुझ्या आतड्यावर घसरल्या. दिवसाला पंधरा वेळा संडास. अंगावरचं मांस असं गेलं की तुला ढब्बू म्हणताना मला चोरट्यासारखं वाटतं. टोस्टचा एक तुकडा खाल्लास तर तुझी बायको मला फोन करून सांगते, पोराचा पहिला नंबर आल्यासारखी. आणि फोटोतले दाणे आता दाणे राहिलेले नाहीत.

एक वेडेपणा केला तोही सांगून टाकते. आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये एक औषध आहे, अस्तराची साखरेची हाव कमी करणारं. उंदरांना थोडं दिलं की आकडे परत उगवतात, लढाऊ पेशी गाठीत उतरतात, निम्म्या उंदरांच्या गाठी आटल्या. मी स्वतः मोजलंय. माणसाला द्यायला अजून कितीतरी वर्षं आहेत. गेल्या महिन्यात एका दुपारी मी एक बाटली बर्फात गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि तुझ्या घराच्या बसमध्ये बसले. तीन स्टॉप गेले. मग मला ते दुसरे उंदीर आठवले, ज्यांना किंचित जास्त गेलं होतं. त्यांचं अस्तरच मेलं आणि ते आतल्या आत रक्त सांडून गेले. तुझ्यासाठी किंचित म्हणजे किती, हे जगात कुणालाच माहीत नाही. मी उतरले, चालत परत आले, बाटली जागेवर ठेवली आणि मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, बाटलीचंही आणि स्लाइडचंही. त्यांनी ती बाटली फेकून दिली, तुझी स्लाइड माझ्याकडून काढून घेतली. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुझं काम बरोबर आहे गं, फक्त तुझ्या भावाच्या वेळेत बसत नाही." आजवर कुणी इतकं खरं आणि इतकं निरुपयोगी मला बोललं नव्हतं. कधीतरी, कुणाच्या तरी भावाला ते औषध मिळेल. मला आनंद व्हायला हवा. होत नाही. अजिबात होत नाही.

आता हे पत्र का, ते. मी गुरुवारी पुन्हा मानच डोलावणार होते. आणखी चार डोस म्हणणार होते, कारण थांब म्हणायचं तर का थांब ते सांगावं लागलं असतं. पण शनिवारी तुझी बायको मला सोडायला खाली आली आणि जिन्यात, त्या सायकलशेजारी, रडायला लागली. म्हणाली, "चौथ्या डोसनंतरच ते मला म्हणाले होते, आता पुरे. पण ताईचं सगळं आयुष्य यात गेलंय, तिला मी नको कसं म्हणू, ती मोडून पडेल." म्हणजे तू माझ्यासाठी घेत होतास. मी तुझ्यासाठी गप्प होते आणि तू माझ्यासाठी सुया टोचून घेत होतास. शहाणी भावंडं आपण! तर ऐक, तू ताईला विचारून सांगतो म्हणालास ना, हे घे ताईचं उत्तर: थांब. गुरुवारी डॉक्टरांना नको म्हण, दुखणं कमी करायची औषधं तेवढी माग, आणि घरी ये. मी मोडणार नाही, आणि मोडले तरी ते तुझं काम नाही. रागवायचं असेल तर मनसोक्त रागव, पेन्सिलीपासून सुरुवात कर. मी रजा टाकलीय. शुक्रवारी सकाळी पाना घेऊन येते, सायकलची छोटी चाकं काढते. तुला खुर्ची दारात मांडून देऊ, तू नुसतं बसून ओरडायचंस, समोर बघ, खाली नको, पायडल मार. मागून मी पळेन. मला धाप लागेल, तू हसशील. हसशील ना रे?

तुझीच,
पेन्सिल खोचणारी ताई